गळक्या टाकीतला तेजोमेघ

जाहिरातींच्या धंद्यात अर्धं आयुष्य काढूनही बटाटेकाकांनी खरं आइस्क्रीम एकदाही कॅमेऱ्यासमोर येऊ दिलं नव्हतं. खरं आइस्क्रीम दिव्यांखाली लगेच मान टाकतं. त्याऐवजी बटाटे उकडून कुस्करले आणि त्यात थोडी चरबी आणि रंग मळला, की जो गोळा होतो तो संध्याकाळपर्यंत ताठ बसून राहतो आणि वर खऱ्यापेक्षा देखणा दिसतो. असे गोळे वळण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून त्यांचं नाव बटाटेकाका पडलं. मधाच्या जागी इंजिनाचं तेल, साबणाच्या फेसाऐवजी दाढीचं क्रीम, कॉफीच्या वाफेसाठी कपामागे लपवलेला तापवलेला ओला बोळा, असे त्यांचे पुष्कळ उद्योग होते. कुणी धंदा विचारला की ते सांगत, "खोटं बोलतो. पण तोंडाने नाही."

त्यांच्या मुलीने लहानपणी एकदा हट्ट धरला होता, की बाबांच्या जाहिरातीतलं आइस्क्रीमच मला हवं. काकांनी तिला स्टुडिओत नेलं आणि मोठ्या अभिमानाने हातात चमचा दिला. पोरीने एक घास घेतला आणि बापाकडे अशा काही नजरेने पाहिलं, की ती नजर तिच्या लग्नापर्यंत पुरली.

मग संगणक आले. संगणकाला बटाटे लागत नाहीत. एकेक करत कामं गेली, फोन वाजायचा थांबला आणि काका घरी बसले. घरी बसलेल्या माणसाचं घरात काय करायचं हा प्रश्न त्यांच्या बायकोपुढे होता. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. नाव न लिहिलेली बाटली तिच्या लेखी गुन्हाच. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर तिने चिठ्ठी डकवलेली होती, मिठाच्या डब्यावर मीठ आणि साखरेच्या डब्यावर साखर, म्हणजे डोळे असलेल्या माणसाचा अपमानच. काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, की आपण रोज सकाळी आरशात बघून घेतो, रात्रीतून आपल्या कपाळावर 'निरुपयोगी' अशी चिठ्ठी लागली नाही ना.

अशा वेळी एका दिग्दर्शिकेचा फोन आला. या बाईंनी आजवर धरणांवर, रस्त्यांवर आणि एकदा फक्त गांडुळांवर माहितीपट केले होते. आता त्यांना आकाशावर करायचा होता. तारे कसे जन्मतात, कसे मरतात, त्यांच्यामधल्या धुळीच्या आणि वायूच्या ढगांत, म्हणजे तेजोमेघांत, काय चालतं, असं सगळं. संगणकावर केलेली आकाशं बघून बघून त्या कंटाळल्या होत्या. त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं, की पूर्वी काचेच्या टाकीत पाणी भरून, त्यात दूध आणि रंग सोडून असले ढग तयार करत. काकांना हे जमेल का?

काकांनी ताबडतोब जमेल म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला आकाशातलं चंद्र सोडून काहीही ओळखता येत नाही, आणि चंद्राच्या बाबतीतही तो वाढतोय की उतरतोय ते बायकोला विचारावं लागतं.

माहितीपटाचं कार्यालय एका टायरच्या दुकानावर, दोन खोल्यांत होतं. खाली चाक ठोकलं की वर कपातली कॉफी हलायची. पहिल्या बैठकीला चौघं होते. दिग्दर्शिका, तिला सगळे ताई म्हणत. संकलक, म्हणजे चित्रं कापून जोडणारा, सडपातळ, अबोल, नाव कात्री. तिसरे काका. आणि चौथे सर. सर वेधशाळेतले खगोलशास्त्रज्ञ. उंच, किंचित वाकलेले, आणि समोरचा बोलत असताना त्याच्या डोक्यावरून पलीकडे पाहण्याची सवय. काकांना आधी तो उद्धटपणा वाटला. नंतर कळलं, की सरांना जवळचं सगळंच धूसर दिसतं आणि चष्मा त्यांना कधीही सापडत नाही.

सरांनी पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगितलं, की या चित्रपटात खोटं काही असणार नाही. काका उठून उभे राहिले आणि मग मी निघतो म्हणाले. ताई हसल्या. सर हसले नाहीत, कारण काकांनी विनोद केलाय हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. शेवटी असं ठरलं, की टाकीतलं जे काही दिसेल त्याच्याखाली बारीक अक्षरांत 'काल्पनिक दृश्य' असं येईल, आणि जे दुर्बिणीतून टिपलेलं असेल त्याच्याखाली काहीच येणार नाही. काकांना हे अगदी ओळखीचं वाटलं. जाहिरातीतसुद्धा खरं ते बारीक अक्षरांतच लिहायचे.

कार्यालयामागच्या सामानाच्या खोलीत टाकी बसवली. चारी बाजूंनी काळं कापड, एका बाजूने फटीतून दिवा. वेगवेगळ्या पिचकाऱ्यांत दूध, शाई, पातळ केलेला रंग, ग्लिसरीन. तळाला खारं पाणी आणि वर गोडं, म्हणजे रंग मध्येच अडून पसरतो. काका बाह्या सरसावून कामाला लागले आणि पहिल्या आठवड्यात त्यांनी विश्वातला एकही ढग निर्माण केला नाही. त्यांनी निर्माण केलं ते भांडी घासल्यानंतरचं पाणी. मग गटार. मग एकदा हुबेहूब फ्लॉवरचा गड्डा. सर अधूनमधून येत, काचेपासून चार पावलं मागे उभे राहून पाहत आणि शांतपणे निकाल देत. एकदा म्हणाले, की हा तारा फुटत नाहीये, याला जुलाब झालेत. काकांनी ते वाक्य घरी जाऊन बायकोला सांगितलं आणि स्वतःच डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. जाहिरातवाल्यांनी त्यांच्या कामाला कधी नावं ठेवली नव्हती. त्यामुळे आपण कुठेतरी चुकतोय हे ऐकायला त्यांना बऱ्याच वर्षांनी बरं वाटत होतं.

सरही हळूहळू त्या खोलीत रमायला लागले. ते स्टुलावर बसून सांगत, की खरा मेघ असा भसकन पसरत नाही. त्याच्या आत वारे असतात, जवळच्या ताऱ्यांचा उजेड त्याला एका बाजूने खात असतो, म्हणून त्याच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. काका विचारत, की कुरतडल्यासारख्या म्हणजे उंदराने की वाळवीने? सर गंभीरपणे विचार करून सांगत, की वाळवीने. मग काका पिचकारीला बारीक सुई लावत. सरांनी एकाच मेघाचा अभ्यास करण्यात आयुष्य घातलं होतं. त्यांची दुर्बीण जुनी होती, वेधशाळेच्या भोवती शहराचा उजेड वाढत चालला होता, आणि परदेशातल्या मोठ्या दुर्बिणींनी त्याच मेघाची जी चित्रं घेतली होती ती बघून सरांची चित्रं म्हणजे ओल्या बोटाचा डाग वाटे. हे सर स्वतःच सांगत. पण ती आमची आहेत, असंही म्हणत. माहितीपटात आपलंच चित्र जाणार यावर ते अडून बसले होते आणि ताईंनीही ते मानलं होतं. सरांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या एका मुलीने नव्या पद्धतीने तेच जुनं निरीक्षण उजळायला घेतलं होतं. ती म्हणाली होती, "सर, आता तुम्हालासुद्धा ओळखू येणार नाही."

एके दिवशी बायकोला सुटी होती. काका जेवणाचा डबा विसरले म्हणून ती दुपारी द्यायला आली आणि दारातच थबकली. मांडणीवर बाटल्यांची रांग होती आणि एकीवरही चिठ्ठी नव्हती. तिने विचारलं, की यातलं दूध कुठलं आणि रंग कुठला. काका म्हणाले, वास घेऊन कळतं. तिने कपाळाला हात लावला आणि पर्समधून पेन काढून बाटल्यांवर नावं लिहायला बसली. काकांना तिचा राग यायला हवा होता, पण तिचं अक्षर सुंदर होतं.

तेवढ्यात खाली दुकानात कुणीतरी मोठं चाक आपटलं, आणि टाकीच्या तळाची जोडणी सुटली.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. कॅमेरा ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढत होता. टाकीत नुकतंच दूध सोडलं होतं. पाणी खालून गळायला लागलं तसा आतला सगळा पांढरा ढग एका कडेला ओढला गेला, वळला, पिळवटला. दिवा कलंडून काचेला टेकला, त्याचा पिवळा उजेड ढगाच्या पोटातून आरपार गेला. आणि वरून शाईचा एक थेंब पडला, तो तुटत तुटत त्याच्या कडेने उतरला. मग पाणी काकांच्या बुटांत शिरलं. पुढचा तासभर नवरा-बायको खोलीभर फडकी पिळत होते. टायरवाला वर येऊन छत गळतंय म्हणून ओरडून गेला. कपडे बदलायच्या आधी काकांनी कॅमेऱ्यातले फोटो सगळ्यांच्या सामाईक डिस्कवर टाकले, त्यातला एक बरा वाटला म्हणून वेगळा काढला आणि त्याला नाव दिलं 'नवीन १'. बायको तोपर्यंत घरी निघून गेली होती, नाहीतर तिने असलं नाव खपवून घेतलं नसतं.

दुसऱ्या दिवशी काकांना ताप भरला. ओल्या बुटांत बसण्याचा परिणाम. ताप उतरतो तोच मुलीचा फोन आला. ती बाळंतपणाला दवाखान्यात होती आणि सासूबाईंचा पाय मुरगळला होता. दोघंही धावले. काका तिकडे महिनाभर राहिले आणि नातीला झोपवण्यात त्यांचा वेळ गेला. टाकीतले बाकीचे मेघ त्यांनी आधीच देऊन ठेवले होते, तेव्हा ताईंनी इकडची काळजी करू नका म्हणून कळवलं. माहितीपट पुरा झाला. काका परत आले ते थेट पहिल्या खेळाला.

खेळ विज्ञान संस्थेच्या सभागृहात, भर दुपारी होता. काका आणि त्यांची बायको मधल्या रांगेत बसले होते, शेजारी सर. काकांचे ढग एकापाठोपाठ एक येऊ लागले. प्रत्येकाच्या खाली प्रामाणिकपणे 'काल्पनिक दृश्य' आलं. आपल्या आयुष्यावरच ही तळटीप आहे असं काकांना वाटलं आणि ते मनाशी हसले. मग निवेदन करणाऱ्या बाईंचा आवाज खाली आला. आता जे दिसेल ते खरं आहे, असं त्या म्हणाल्या. आपल्याच वेधशाळेतून टिपलेला तेजोमेघ.

पडदाभर तो आला. पिवळसर, पिळवटलेला, आतून पेटल्यासारखा, कडा वाळवीने खाल्ल्यासारख्या. खाली एकही अक्षर नव्हतं. कॅमेरा त्याच्यात हळूहळू शिरत गेला. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मग टाळ्या सुरू झाल्या, चित्रपट चालू असतानाच.

सर काकांच्या कानाशी झुकले. "बघितलंत, बटाटे? हे बनवता येत नाही."

काकांची छाती फुगली आणि त्याच क्षणी त्यांना खुर्चीखाली लपावंसं वाटलं. हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे त्यांना तोवर माहीत नव्हतं. दुसऱ्या बाजूने बायकोने त्यांचा दंड धरला आणि पडद्यावरची नजर न हलवता पुटपुटली, "अहो, ही आपली गळकी टाकी."

झालं होतं ते असं. सरांच्या विद्यार्थिनीने आपलं उजळलेलं चित्र त्याच डिस्कवर पाठवलं होतं आणि त्याला नाव दिलं होतं 'नवीन'. कात्रीने डिस्क उघडली तेव्हा त्याला 'नवीन' दिसलं आणि 'नवीन १' दिसलं. साहजिकच त्याने नंतरचं ते अधिक सुधारलेलं असं धरलं. उभं होतं ते आडवं केलं, कडा कापल्या, पडद्यात बसवलं. सरांना त्याने ते घाईत, लहानशा पडद्यावर दाखवलं, आणि सरांचा चष्मा त्या दिवशीही सापडत नव्हता.

हे सगळं काकांना नंतर कळलं. त्या दुपारी त्यांना एवढंच कळत होतं, की लोक येऊन सरांचा हात हातात घेत आहेत आणि सर प्रत्येकाला त्या मेघाचं अंतर सांगत आहेत. काका बाजूला सरबताचा पेला धरून उभे राहिले. एका गृहस्थांनी त्यांना विचारलं, की चित्रपटात तुमचं काम काय. काका म्हणाले, दूध सोडतो. गृहस्थ दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला गेले.

घरी येताना बायकोने विचारलं, की कधी सांगणार आहात. काका म्हणाले, बघू. खरी गोष्ट अशी, की त्यांना ते इतक्यात सांगायचंच नव्हतं. आयुष्यभर त्यांनी खोट्याला खऱ्यासारखं दाखवलं होतं, पण ज्याचं आयुष्य खऱ्यामागे गेलं अशा माणसाने त्यांचं खोटं खरं म्हणून छातीशी धरण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी दोन दिवस हा आनंद एकट्याने, चोरून खाल्ला. आंघोळ करताना ते तांब्यातून पाणी ओतत आणि आपण ब्रह्मांडाचे कर्ते आहोत असं समजत. मग साबण डोळ्यांत जाई. एकदा त्यांनी आरशासमोर उभं राहून कबुलीचं भाषणही करून पाहिलं. त्यात ते इतके नम्र होते, की त्यांना स्वतःचाच संशय आला.

मग ताईंचा फोन आला. माहितीपट शाळाशाळांतून दाखवायचं ठरलं होतं. वेधशाळा त्या मेघाचं मोठं भित्तिचित्र छापणार होती, त्याखाली सरांचं नाव. शिवाय सर रेडिओवर त्यावर बोलणार होते. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्या बटाट्याला कुणी नजरेने खाल्लं तर ठीक आहे, पण शाळेतल्या पोरांनी तो गिळायचा म्हणजे फार झालं. त्यांना कारण नसताना मुलीचा तो चमचा आठवला.

ते आधी कात्रीकडे गेले. कात्रीने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी उघडली, बराच वेळ पाहिली, आणि खुर्चीतून उठून खिडकी उघडली. मग म्हणाला, की माझी नोकरी गेली. काका म्हणाले, नाव मी चुकीचं दिलं. कात्री म्हणाला, विचारलं मी नाही. दोघांनी थोडा वेळ चूक एकमेकांकडून ओढून घेण्याची चढाओढ केली. ताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी एवढंच विचारलं की हे आणखी कुणाला माहीत आहे. काका म्हणाले, माझ्या बायकोला. ताईंनी सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, की मग सांगावंच लागेल. कारण कुठल्याही नवऱ्याची बायको किती दिवस गप्प बसेल याचा अंदाज त्यांना स्वतःवरून होता. त्या सरांना फोन लावायला लागल्या. काकांनी त्यांचा हात धरला.

"ताई, फोनवर नको. मीच जातो. एवढं तरी मला करू द्या."

सरांची खोली वेधशाळेच्या टोकाला होती. कागदांनी भरलेली, एका खुर्चीवर कागद, दुसऱ्या खुर्चीवर सर. काकांनी खिडकीच्या कट्ट्यावर टेकून जे झालं ते सुरुवातीपासून सांगितलं. टायर, दूध, बूट, नाव. सांगताना मधेमधे विनोद करायची सवय त्यांनी निकराने आवरली. एक निसटला, तो सरांपर्यंत पोचला नाही.

सर उठले. मग त्यांनी कपाटावर, खिशात, कागदांखाली चष्मा शोधला, तो सापडला, आणि संगणकावर दोन्ही चित्रं उघडून बसले. काकांना वाटलं, आता आपल्याला हाकलतील. ते दाराच्या दिशेने सरकून बसले.

"तिने सांगितलं होतं, ओळखू येणार नाही," सर शेवटी म्हणाले. "मला ओळखू आलं नाही. म्हणून मला वाटलं, हेच."

काका दाराजवळून पुन्हा जरा आत सरकले.

"खरं सांगू? मला शंका आली होती. आमची दुर्बीण इतकं चांगलं देऊच शकत नाही. पण वाटलं, एवढी वर्षं पाहिल्यावर एकदा तरी त्याने आपल्याला नीट तोंड दाखवलं असेल." त्यांनी चष्मा काढला आणि तो पुन्हा कुठेतरी ठेवला. "म्हातारपणी माणूस असा फसतो."

काकांना त्या क्षणी आपण दोन दिवस चोरून खाल्लेल्या आनंदाची लाज वाटली. ते म्हणाले, "सर, मी आयुष्यभर लोकांना फसवलंय, पण मुद्दाम. न ठरवता फसवलंत ते तुम्हीच पहिले. म्हणजे, फसलात ते." वाक्य पुरतं फसलं होतं. पण सर पहिल्यांदाच हसले. आधी नाकातून, मग खांदे हलवत, मग टेबलाला धरून. कागदांचा एक ढीग खाली आला. काकांना आधी वाटलं ते रडतायत, आणि कदाचित त्यात थोडं तेही असेल.

हसू ओसरल्यावर सरांनी विचारलं, की टाकी अजून गळते का. काका म्हणाले, टायरवाल्याने ती बुजवायला लावली. सर म्हणाले, तर मग पुन्हा फोडा, मला बघायचंय.

माहितीपट दुरुस्त झाला. ताईंना पहिल्या खेळाला आलेल्या सगळ्यांना कळवावं लागलं, भित्तिचित्राचं काम थांबवावं लागलं, आणि काही दिवस त्या काकांशी फक्त कामापुरतं बोलत होत्या. कात्रीची नोकरी गेली नाही. ताई म्हणाल्या, इतकं बेमालूम कापणारा दुसरा कुठून आणू. सरांनी रेडिओवर जायचं ते रद्द केलं नाही. उलट तिथे जाऊन, आपण दुधाला तेजोमेघ समजलो हे त्यांनी सगळ्यांना सविस्तर सांगितलं. घरी ते ऐकताना काकांना वाटलं, की यात आपलं नाव येईल. आलं. सर म्हणाले, आमच्याकडे एक बटाटे म्हणून गृहस्थ आहेत.

त्या जागी आता खरं चित्र आहे. करड्या पार्श्वभूमीवर एक फिकट, ठिपकेदार पुंजका, ओल्या बोटाच्या डागाला थोडा उजेड चढावा तसा. निवेदनात बदल करून सरांनी स्वतःच्या आवाजात दोन वाक्यं घातली, की हे एवढंच आम्हाला दिसतं, आणि या एवढ्याकडे मी तीस वर्षं पाहतोय. टाकीतलं ते चित्र शेवटच्या नावांमागे ठेवलं आहे, 'काल्पनिक दृश्य' असं लिहून. तिथेसुद्धा लोक खुर्चीतून उठता उठता थांबतात. खऱ्या मेघाला टाळ्या पडत नाहीत. एका शाळेच्या खेळाला काका मागच्या बाकावर बसले होते. तो करडा डाग पडद्यावर आला तसे ते आपल्याही नकळत पुढे झुकले आणि त्याच्या कडा शोधायला लागले. वाळवीने खाल्लेल्या कडा. फार निरखून पाहिलं तर डावीकडे किंचित दिसतात. किंवा दिसतात असं वाटतं. काकांनी शेजारच्या मास्तरांना त्या दाखवायचा प्रयत्न केला. मास्तर म्हणाले, की पडदा जरा मळलाय खरा, धुवायला टाकतो.

काही दिवसांनी सर स्वतः घरी आले, एक गुंडाळी घेऊन. त्या खऱ्या चित्राचीच मोठी प्रत होती, खाली त्यांची सही. काकांनी ती बैठकीच्या खोलीत, सगळ्यात चांगल्या भिंतीवर लावली. येणारा प्रत्येक पाहुणा आधी वर छताकडे बघतो आणि ओल कुठून येतेय असं विचारतो. मग काका त्याला बसवून घेतात आणि समजावतात. हा डाग म्हणजे काय, त्याचा उजेड कधी निघाला, त्याच्या पोटात किती तारे तयार होतायत, डावीकडची कड कशी बघायची, डोळे किती बारीक करायचे. बायको आतून चहा आणते, तो निवतो, काका अजून डाव्या कडेवरच असतात. मुलगी परवा नातीला घेऊन आली होती, तिलाही त्यांनी सोडलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, डोळे बारीक केले, आणि म्हणाली, "बाबा, मला काहीच दिसत नाहीये."

"मलाही रोज दिसत नाही," काका म्हणाले, आणि नातीला खांद्यावर घेऊन भिंतीच्या आणखी जवळ गेले.